शेवंतीचा डबा

कार्ले खिंडीच्या अलीकडच्या उतारावर येसाजी एका दगडावर बसले होते आणि त्यांची घोडी त्यांच्यावर सावली धरून उभी होती. प्रणालीला आधी घोडीच दिसली. वैशाखाच्या उन्हात पांढरी शेवंती अशी चकाकत होती की, तिच्या पोटाआड बसलेला बाप लेकीला गाडी थांबवेपर्यंत दिसला नाही.

आदल्या दिवशी पोयनाडला वरात होती. येसाजी दुपारीच नागावहून घोडीला घेऊन चालत निघाले होते, रात्री मांडवातच आडवे झाले आणि सकाळी पुन्हा चालत परतीला लागले. नऊपर्यंत घरी येणारा माणूस अकरा वाजले तरी आला नाही, तेव्हा प्रणाली आपली जुनी जिप्सी काढून शोधायला निघाली होती.

"आबा! काय झालं?"

"काय न्हाय. शेवंती दमली व्हती. म्हटलं, जरा बसूया."

शेवंती दमल्यासारखी अजिबात दिसत नव्हती. ती कडेचं वाळकं गवत मजेत चघळत होती. ओठ पांढरे पडले होते ते येसाजींचे. प्रणालीने त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं, बाटली तोंडाला लावली. दोन घोट पिऊन त्यांनी उरलेलं पाणी ओंजळीत घेऊन घोडीपुढे धरलं.

"चल, गाडीत बस."

"आणि ती?"

शेवंती टेम्पोत चढत नसे. दोन वर्षांपूर्वी चौलच्या एका लग्नात टेम्पोवाल्याने फळीबिळी न लावता गाडी शेताच्या बांधाला टेकवून तिला उतरवलं होतं. तिचे पुढचे पाय बांधावर आणि मागचे टेम्पोत असताना गाडी हातभर पुढे सरकली. शेवंती मधल्या खड्ड्यात गेली आणि तिचे दोन्ही गुडघे सोलले. जखमा भरल्या. पण त्या दिवसापासून टेम्पो दिसला की, ती चारी पाय रोवून उभी राहायची आणि मग कुणाचा बाप आला तरी हलायची नाही. तेव्हापासून ती चालत लग्नाला जाई आणि येसाजी तिच्याबरोबर. येसाजींनी त्याच वर्षी सत्तरी ओलांडली होती.

शेवटी सावलीत तासभर काढल्यावर प्रणालीने जिप्सी एका झाडाखाली लावली, आबांना घोडीवर बसवलं आणि स्वतः दोर धरून चालू लागली. येसाजींना लाज वाटत होती. ज्या घोडीवर फक्त नवरदेव बसायचे, तिच्यावर ते स्वतः कधी बसले नव्हते. अलिबागच्या नाक्यावर त्यांनी टॉवेल तोंडावर ओढून घेतला, तरी एका पानवाल्याने ओळखलंच.

"काय येसाजी, दुसरं लगीन काय?"

"व्हय," टॉवेलातून आवाज आला. "तुज्या आत्याशी."

प्रणालीला हसू आलं. पण नागावला पोचेपर्यंत तिच्या स्वतःच्या पिंढऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, आणि हे अंतर हा माणूस दर मुहूर्ताला जाऊन-येऊन चालतो, हे तिला पहिल्यांदाच नीट कळलं.

घरी नीराबाईंनी सगळं ऐकून घेतलं, नवऱ्यापुढे सोलकढीचा पेला ठेवला आणि निकाल दिला.

"लग्नं बंद."

"मग शेवंतीला काय घरात बसवून ठेवू?"

"तिला कशाला? तुमाला बसवते."

येसाजी उठून गोठ्याकडे गेले. नारळाच्या वाडीत पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोन खोल्यांच्या मागे तो गोठा होता. प्रणाली आणि नीराबाई मिळून त्या खोल्या चालवत. प्रणाली पाहुण्यांना मांडव्याच्या धक्क्यावरून जिप्सीने आणायची, नीराबाई त्यांना मासे करून घालायच्या. घराचं त्यावर भागत होतं. घोडी लग्नाला गेलीच पाहिजे अशी कुणावर वेळ नव्हती. पण बॅन्ड वाजायला लागला की शेवंती कान ताठ करून मान जी उचलायची, ती पाहण्यासाठी येसाजी जगत होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नीराबाईंनाही. म्हणून तर रात्री त्या स्वतःच लेकीला म्हणाल्या, "काय तरी कर बाय. घरात बसला तर झुरल."

रविवारी उरणहून अल्पेश आला. प्रणालीचा हा थोरला भाऊ. त्याचे बंदरातून माल नेणारे चार ट्रक होते आणि जगातल्या कुठल्याही अडचणीवर त्याच्याकडे एकच उत्तर असायचं.

"ट्रक पाठवतो. त्यात काय!"

"दादा, ती टेम्पोत चढत नाही, तुझ्या ट्रकात चढेल? आणि आपल्या गल्लीत दोन्हीकडे दगडी गडगे. ट्रक वळेल कुठे?"

"मग?"

प्रणालीच्या मनात एक गोष्ट होती. किहीमला एका बंगलेवाल्यांचे घोडे येताना तिने पाहिले होते. मोठ्या गाडीच्या मागे जोडलेला बंद ट्रेलर, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. मागचं दार खाली पडलं की, त्याचाच उतार व्हायचा आणि घोडे घरातून अंगणात यावं तसे बाहेर यायचे. चढणं नाही, उडी नाही.

"तसला ट्रेलर जिप्सीला जोडला तर?"

"जिप्सीला?" अल्पेश हसला. "काडेपेटीला कपाट बांधशील."

पण बहिणीचा चेहरा पाहून त्याने हसणं आवरतं घेतलं, आणि पुढच्याच आठवड्यात पनवेलकडच्या एका ओळखीच्या तबेल्यातून घोड्यांचा ट्रेलर चार दिवसांसाठी मागून आणला. दोन घोड्यांचा, सगळा लोखंडी, निळा. अंगणात उभा राहिला तर तुळशीवृंदावन दिसेनासं झालं. येसाजींनी त्याच्याभोवती फेरी मारली, बोटाने टकटक वाजवून पाहिलं आणि म्हणाले, "डबा मजबूत हाय."

तेव्हापासून त्या वस्तूचं नाव घरात डबा पडलं.

शेवंतीला लगेच त्यात घालायचं नाही, आधी रिकामा ओढून बघायचा, असं अल्पेशने ठरवलं. तो प्रणालीच्या शेजारी बसला. अलिबागपर्यंत जिप्सी कुरकुरत का होईना गेली. कार्ले खिंडीच्या चढाला मात्र ती पहिल्या गिअरवर आली, मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्नचा गोंगाट सुरू झाला. तरीही ती चढली. वर पोचल्यावर प्रणालीने विजयी नजरेने भावाकडे पाहिलं.

आणि मग उतार लागला.

तिने ब्रेक दाबला, जिप्सी हळू झाली, पण डबा हळू झाला नाही. मागून कुणीतरी धिप्पाड माणसाने पाठीत हात घालून ढकलावं तशी गाडी पुढे रेटली जाऊ लागली. वळणावर तिची मागची चाकं एका बाजूला सरकली. प्रणालीने दात आवळून गिअर खाली घेतला. एरवी तिच्या गाडी चालवण्यावर वळणागणिक टोमणे मारणारा अल्पेश आता पुढे वाकून रस्त्याकडे बघत होता. त्याचा हात हँडब्रेकवर होता. खाली सपाटीला प्रणालीने गाडी कडेला घेऊन थांबवली.

"ओढणं सोपं असतं," अल्पेश म्हणाला. "थांबवणं कठीण. हा डबा तुझ्या गाडीएवढाच जड आहे. आणि अजून आत घोडी नाही."

"म्हणजे नाही जमणार."

"हा नाही जमणार." तो खाली उतरला, ट्रेलरची चाकं बघून आला. "हलका पाहिजे. आणि त्याला स्वतःचा ब्रेक पाहिजे. डबा पुढे रेटायला लागला की, आपोआप त्याच्याच चाकांना लागणारा. असतात तसले."

प्रणालीने त्याच्याकडे चमकून पाहिलं. काडेपेटीची थट्टा करणारा भाऊ आता 'आपला डबा कसा पाहिजे' या भाषेत बोलत होता.

हलका म्हणजे किती हलका, हे घोडीच्या वजनावर ठरणार होतं. ते कुणालाच माहीत नव्हतं. अल्पेशने तोडगा काढला. रेवदंड्याच्या रस्त्यावर ट्रकांचा वजनकाटा होता. एका सकाळी शेवंतीला तिथे नेलं. लोखंडी पाटावर खूर वाजले तशी ती बिचकली, म्हणून येसाजी दोर धरून तिच्या गळ्याशी बिलगून उभे राहिले. काटेवाल्याने खिडकीतून ओरडून आकडा सांगितला. तीनशे ऐंशी.

"आबा, तू उतर," प्रणाली म्हणाली. "तुझं पण वजन धरलंय त्यात."

येसाजी उतरले, दोर लांब धरून उभे राहिले. तीनशे वीस.

"काटा बिघडलाय," येसाजी म्हणाले. "आमची शेवंती एवढी जाड न्हाय."

मग महिनाभर प्रणाली ट्रेलर बघत फिरली. तयार मिळणारे बहुतेक दोन घोड्यांचे होते. एक घोड्याचा एक मिळाला, दिसायला देखणा आणि हलका. पण येसाजींनी आत जाऊन टाच आपटली तशी तळाची फळी पापडासारखी दबली. "हिच्यातनं पाय खाली गेला तर?" एवढंच ते म्हणाले आणि बाहेर आले. दुसरा अॅल्युमिनियमचा, फारच छान, पण ज्या मोठ्या गाड्यांच्या मागे तो लावत त्यांच्या हिशेबाने बनवलेला, हूक जिप्सीच्या पोटापेक्षा उंच. हलकेपणा आणि मजबुती एका जागी काही सापडेना.

ते सापडलं नागावच्याच किनाऱ्यावर. प्रणाली पाहुण्यांना घेऊन गेली होती. पावसाळा तोंडावर आल्यामुळे पाण्यावरचे खेळ बंद होत होते आणि स्पीडबोटी वर ओढून घेणं चाललं होतं. एक छोटीशी जीप ओल्या वाळूतून तिच्या दुप्पट लांबीची बोट लीलया ओढत नेत होती. प्रणाली पाहुण्यांना तसंच सोडून जीपमागे धावली.

ती बोट बांधणारा साहिल रेवदंड्याच्या खाडीकाठी फायबरच्या बोटी बनवायचा. तिशीचा, अंगभर पांढरी भुकटी माखलेला तरुण. प्रणालीने आपली अडचण सांगितली तेव्हा तो आधी हसला, मग विचारात पडला.

"ताई, बोटीत वजन पसरतं. घोडीचं सगळं वजन चार खुरांवर येणार. नुसत्या फायबरचा तळ नाही चालायचा."

"मग कशाचा?"

"सांगाडा आणि तळ लोखंडाचा. जस्त चढवलेला, नाहीतर खाऱ्या हवेत दोन वर्षांत गंजेल. त्यावर बोटीचं जाड प्लाय. बाजू आणि छप्पर फायबरचं. तिथेच वजन वाचेल. पण मी घोड्याचं कधी काही केलेलं नाही हां."

"आम्ही ट्रेलरचं कधी काही केलेलं नाही," प्रणाली म्हणाली. "चला, बरोबरीत आहोत."

पावसाळाभर साहिलच्या शेडमध्ये तो डबा आकाराला आला. अल्पेश उरणहून ब्रेक आणि चाकांची धुरा घेऊन आला, आणि नंतर काही कारण नसतानाही येत राहिला. येसाजी तर रोज एसटीने रेवदंड्याला जात. घोडीच्या छातीपुढचा आडवा दांडा किती उंचीवर हवा, ते त्यांनी स्वतःच्या बरगडीवर हात ठेवून दाखवलं. समोर खिडकी पाहिजेच, कारण "तिला रस्ता दिसला पायजे, न्हायतर मनात काय काय येतं." प्लायवर खूर पडला की ढोल वाजल्यासारखा आवाज होईल आणि ती घाबरेल, म्हणून खाली जाड रबर घालायला लावलं. नीराबाई एकदाच आल्या. रंग कुठला द्यायचा यावर तिघा पुरुषांचं भांडण चाललं होतं. त्या म्हणाल्या, "पिवळा. शेवंतीच्या फुलासारखा," आणि भांडण मिटलं.

घोडीच्या जागी सिमेंटच्या गोण्या भरून पहिली चाचणी झाली. अल्पेशने मुद्दाम गोण्या मागच्या बाजूला रचल्या तेव्हा डबा रस्त्यावर कुत्र्याच्या शेपटीसारखा हलू लागला. त्याच गोण्या चाकांच्या जरा पुढे सरकवल्या तसा तो शहाण्यासारखा मागोमाग येऊ लागला. मग छातीचा दांडा त्या अंदाजाने पक्का केला, म्हणजे घोडी उभी राहील ती बरोबर तिथेच. कार्ले खिंडीच्या उतारावर प्रणालीने ब्रेक दाबला आणि पाठीत कुणीही ढकललं नाही. मागे काही आहे हे विसरायला होत होतं. अल्पेशने खिडकीबाहेर हात काढून दारावर जोरात थाप मारली.

रीतसर नोंदणी झाली, नंबराची पाटी लागली. गणपतीनंतर पिवळा डबा घरी आला, त्याला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला.

आणि शेवंतीने त्यात पाय ठेवायला साफ नकार दिला.

चणे दाखवले, गूळ दाखवला. साहिलने मागून हलकेच ढकलून पाहिलं आणि जेमतेम लाथ चुकवली. अल्पेश म्हणाला, दोर लावून ओढू. येसाजींनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की, तो विषय तिथेच संपला. प्रणाली ओट्यावर जाऊन बसली. एवढ्या महिन्यांची खटपट अंगणात पिवळीधम्मक उभी होती आणि जिच्यासाठी केली ती पाठ फिरवून केळीची पानं खात होती.

"राहू दे," येसाजी म्हणाले. "दार उघडं ठेव. तिला कुणी बोलवू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून ते पेपर घेऊन डब्यात जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी चटई नेली. समुद्राकडून वारा थेट खिडकीतून यायचा, छप्पर फायबरचं असूनही माडांच्या सावलीत आत गारवा असायचा. येसाजींना तिथे इतकी छान झोप लागू लागली की, नीराबाई म्हणाल्या, "घोडीसाठी केलाय का तुमच्यासाठी?"

एका दुपारी नीराबाईच प्रणालीला हाका मारत आल्या. हाका म्हणजे कुजबुजतच. "बाय, इकडं ये. आवाज नको करू."

डब्यात येसाजी तोंड उघडं टाकून घोरत होते. त्यांच्या उशाशी, आपणहून चढून, शेवंती उभी होती. मान खाली घालून ती त्यांच्या पांढऱ्या केसांवर श्वास सोडत होती. दार लावून घ्यावं असा मोह प्रणालीला क्षणभर झाला. तिने तो आवरला. अर्ध्या तासाने येसाजी जागे झाले, घोडीकडे पाहून जरासुद्धा नवल न दाखवता म्हणाले, "आलीस?" मग दोघं सावकाश बाहेर आली.

तुळशीचं लग्न झालं आणि मुहूर्त सुरू झाले. पहिलीच सुपारी आली ती हरिहरेश्वरची. मुरूडच्या पुढे येसाजींनी घोडीला कधी नेलंच नव्हतं. तेवढं चालणं कुणाच्याच आवाक्यातलं नव्हतं. प्रणालीने हो सांगून टाकलं आणि मग घरी सांगितलं.

निघताना येसाजी डब्यात चढू लागले.

"आबा, पुढे बस. चालत्या डब्यात माणूस बसवत नाहीत."

"ती एकटी कशी जाईल?"

"तुझं वजन हिशेबात धरलेलं नाही."

ते नाइलाजाने पुढे बसले, पण रेवदंड्याचा पूल, काशीद, मुरूड सगळं त्यांनी उलटं बघितलं. सीटवर मागे वळून, मागच्या काचेतून. "कान बघ. सैल हायत. बरी हाय," असं ते मधूनमधून सांगत राहिले. आगरदांड्याला फेरीबोटीत गाडी चढवायची होती. प्रणालीने पहिला गिअर टाकला. लोखंडी उतरणीवर चाकं खडखडली, डबा एकदा डुलला आणि आत गेला. बोटीचा भोंगा वाजला तशी आतून पाय आपटल्याचा आवाज आला. येसाजी क्षणात उतरून खिडकीशी गेले.

"काय न्हाय ग बाय. पाणी हाय नुसतं. तुज्या ओळखीचंच."

शेवंतीने नाक बाहेर काढून खारा वारा हुंगला. जंजिऱ्याचा किल्ला उजव्या हाताला लांब राहिला. बोटीवरच्या लोकांनी घोडीचे फोटो काढायला गर्दी केली आणि येसाजींनी कुणालाही विचारायची वाट न पाहता तिची सगळी हकिगत सांगायला सुरुवात केली. दिघीचा धक्का आला तरी ती संपली नव्हती.

हरिहरेश्वरला चार वाजता पोचले. शेवंती डब्यातून मागे मागे येत शांतपणे उतरली, अंग झटकलं आणि बॅन्डवाल्यांकडे पाहून कान ताठ केले. येसाजींनी तिला झूल चढवली, कपाळावर मोत्यांची जाळी बांधली. नवरदेव बसला, ताशे वाजू लागले, आणि नेहमीप्रमाणे येसाजी दोर धरून तिच्या मानेशी चालू लागले.

प्रणाली कडेने चालत होती. बापाच्या पायांकडे तिचं लक्ष होतं. पोयनाडला, चौलला वरात सुरू होण्याआधीच हे पाय दमलेले असत. आज ते ताजे होते. ताशाच्या ठेक्यावर जरासे उचलून पडत होते.

देवळाच्या वळणावर येसाजी अचानक थांबले आणि त्यांनी दोर प्रणालीच्या हातात दिला.

"धर जरा."

"काय झालं? बरं वाटत नाही का?"

"मी बरा हाय. पुढनं बघून येतो, कशी दिसते ती."

प्रणाली बघतच राहिली. एवढ्या वर्षांत शेकडो वराती झाल्या असतील. त्या सगळ्यांमध्ये हा माणूस शेवंतीच्या मानेशी होता, दोर धरून, खाली रस्त्यावरचे खड्डे बघत. सजलेली, मान उचलून चालणारी आपली घोडी त्याने समोरून कधी पाहिलीच नव्हती.

येसाजी झपाझपा पुढे गेले, बॅन्डच्या पलीकडे, आणि वळून उभे राहिले. मग वरात पुढे सरकेल तसे ते उलट्या पावलांनी मागे सरकू लागले. नाचणारी पोरं त्यांना धडकत होती. कुणीतरी त्यांनाही नाचायला ओढलं. त्यांनी हात सोडवून घेतला आणि पुन्हा बघत उभे राहिले. समोरून पांढरी घोडी येत होती, तिच्याआड समुद्राकडचं आभाळ तांबडं झालं होतं. प्रणालीला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, फक्त कपाळावर उन्हाला आडवा धरलेला हात दिसत होता.

बऱ्याच वेळाने ते परत आले. प्रणालीने दोर पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"झूल उजवीकडनं जरा खाली आलीय," ते म्हणाले, आणि चालता चालता ती सारखी करू लागले.